स्फोटकशोधक दीप्तिमान द्रव्ये

स्फोटकशोधक दीप्तिमान द्रव्ये : जंबुपार किंवा दृश्य प्रकाशाने उत्तेजित केली असता स्वतः प्रकाश देणारी आणि स्फोटक पदार्थाच्या अत्यल्प रेणूंशी संपर्क आल्यास ज्यांच्या प्रकाशाची तीव्रता, रंग वा आयुःकाल यांत मोजता येण्याजोगा बदल होतो, अशी द्रव्ये. संयुग्मित बहुवारिके, सच्छिद्र सिलिकॉन, पुंज बिंदू, धातु-कार्बनी चौकटी आणि काही लहान कार्बनी रेणू यांचा या वर्गात समावेश होतो. विमानतळावरील सामानाची तपासणी, भूसुरुंगांचा शोध, स्फोटानंतरचे न्यायवैद्यक परीक्षण आणि स्फोटकांच्या कारखान्यांलगतच्या पाण्याचे व जमिनीचे परीक्षण ही त्यांची प्रमुख उपयोगक्षेत्रे होत.

लेशशोधनाची गरज : स्फोटक पदार्थ दोन प्रकारे शोधता येतात. पहिल्या प्रकारात क्ष-किरणांसारख्या साधनांनी सामानातील स्फोटकाची रास, तिचा आकार व घनता पाहिली जाते. दुसऱ्या प्रकारात रास न शोधता तिच्यापासून निघालेले बाष्प अथवा हात, कपडे व पिशव्या यांवर राहिलेले सूक्ष्म कण शोधले जातात. यास लेशशोधन म्हणतात. स्फोटक हाताळणाऱ्या व्यक्तीच्या बोटांच्या ठशांत ते मायक्रोग्रॅमांच्या मापात उरते व एका वस्तूवरून दुसरीवर जाते. त्यामुळे मूळ साठा दृष्टीआड असला, तरी त्याचा माग काढणे शक्य होते.

या शोधनाचे महत्त्व गेल्या काही दशकांतील घटनांनी अधोरेखित केले आहे. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर एक प्रवासी विमान स्फोटाने कोसळून २७० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ध्वनिफितीच्या यंत्रात दडवलेले सेमटेक्स हे आकार्य स्फोटक त्यास कारणीभूत होते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ व्यक्तींचा बळी गेला. त्यात वापरलेले आरडीएक्स रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चोरून उतरविण्यात आले होते. सेमटेक्स व आरडीएक्स यांचे बाष्प नेहमीच्या तापमानास इतके विरळ असते की, त्यांचा बाष्परूपाने शोध घेणे ही त्या काळी जवळजवळ अशक्य गोष्ट होती.

या अडचणीची कल्पना बाष्पदाबाच्या आकड्यांवरून येते. २५° से. तापमानास टीएनटीने संपृक्त झालेल्या हवेतील दर एक अब्ज रेणूंत टीएनटीचे रेणू साधारणपणे दहाच्या आत असतात. आरडीएक्स व पीईटीएन यांच्या बाबतीत एक लाख कोटी रेणूंत ५ ते १० एवढेच रेणू सापडतात. एक अब्ज भागांत एक भाग टीएनटी असलेल्या एक लिटर हवेत त्याचे वजन सु. ९ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या एक अब्जांशाच्या सु. नऊपट भरते. बंद सुटकेसभोवतीच्या वाहत्या हवेत संपृक्तता येत नसल्याने प्रत्यक्षातील प्रमाण याहून कितीतरी कमी असते. याउलट टीएनटीत अशुद्धीच्या रूपाने असणारे डायनायट्रोटोल्यूइन (डीएनटी) अधिक बाष्पनशील असून त्याचे प्रमाण अब्ज भागांत शेकडो भागांपर्यंत जाते. म्हणून टीएनटीयुक्त भूसुरुंग शोधताना प्रत्यक्षात पुष्कळदा डीएनटीचाच माग लागतो.

आकार्य स्फोटकांतील ही उणीव दूर करण्यासाठी १ मार्च १९९१ रोजी माँट्रिऑल येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला व तो १९९८ मध्ये अंमलात आला. अशा स्फोटकांत निर्मितीच्या वेळीच एखादे बाष्पनशील खूणद्रव्य मिसळावे, असे बंधन या कराराने घातले. डायमिथिल डायनायट्रोब्यूटेन (डीएमएनबी) हे त्यांपैकी सर्वांत प्रचलित खूणद्रव्य होय. मात्र करारापूर्वीचे साठे आणि घरगुती रीतीने बनविलेली स्फोटके यांना हा उपाय लागू पडत नाही.

पूर्वीच्या पद्धती : प्रशिक्षित श्वान हा सर्वांत जुना व अजूनही विश्वसनीय असा शोधक आहे. परंतु तो थकतो, त्याचे प्रशिक्षण खर्चिक असते आणि त्याला नेमके काय आढळले, हे त्याच्या वर्तनावरून सांगता येत नाही. विमानतळांवर आयन-चलनशीलता वर्णपटमापकाचा प्रसार मोठा आहे. यात कापडी वा कागदी पट्टीने पुसून घेतलेला नमुना तापवून त्याचे आयन विद्युत् क्षेत्रात किती वेगाने सरकतात, हे मोजले जाते. प्रकाशाचा उपयोग करणारी एक पद्धतीही १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आली होती. तीत स्फोटकाचे रेणू उष्णतेने फोडून नायट्रिक ऑक्साइड मिळवितात व त्याची ओझोनशी विक्रिया घडवितात. या विक्रियेत उत्तेजित नायट्रोजन डाय-ऑक्साइड तयार होऊन तांबडा व अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. यास रासायनिक दीप्ती म्हणतात. पद्धत संवेदनक्षम असली, तरी तिचे उपकरण अवजड होते.

दीप्ती व तिचे शमन : पदार्थ तापून लाल न होता जो प्रकाश देतो त्यास दीप्ती म्हणतात. उत्तेजक प्रकाश थांबताच सु. काही नॅनोसेकंदांत मावळणारी दीप्ती ती अनुस्फुरण व दीर्घकाळ टिकणारी ती प्रस्फुरण. अनुस्फुरणात बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा सामान्यतः जास्त असते, हे जी. जी. स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दाखविले. या फरकामुळे उत्तेजक प्रकाश गाळणीने अडवून केवळ अनुस्फुरित प्रकाश मोजता येतो. काळोख्या पार्श्वभूमीवर मंद उजेडही जाणवतो, त्याप्रमाणे या पद्धतीत अतिशय क्षीण संकेतही स्पष्ट दिसतो.

द्रव्याच्या रेणूने प्रकाश शोषला की, त्यातील इलेक्ट्रॉन उच्च ऊर्जापातळीवर जातो व परतताना प्रकाश देतो. परतण्यापूर्वी त्याला दुसरा मार्ग मिळाला, तर प्रकाश निघत नाही. यास शमन म्हणतात. टीएनटीच्या बेंझीन वलयावर तीन नायट्रो गट असतात. हे गट इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढणारे असल्याने टीएनटीची सर्वांत खालची रिक्त ऊर्जापातळी बरीच खाली आलेली असते. इलेक्ट्रॉनसमृद्ध दीप्तिमान द्रव्याच्या पृष्ठभागाला टीएनटीचा रेणू चिकटला की, उत्तेजित इलेक्ट्रॉन त्या रिक्त पातळीवर उतरतो व दीप्ती मावळते. प्रकाशप्रेरित इलेक्ट्रॉन-संक्रमण या नावाने ही क्रिया ओळखली जाते. याखेरीज द्रव्याची ऊर्जा प्रकाश न देता थेट शमकाकडे जाणे आणि शमकाने उत्तेजक अथवा अनुस्फुरित प्रकाश स्वतःच शोषून घेणे, या दोन कारणांनीही उजेड कमी होतो. यांपैकी तिसरे कारण हे खरे शमन नव्हे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

शमकाचे प्रमाण व दीप्तीतील घट यांचा संबंध ओटो स्टर्न व माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडला. मूळ तीव्रतेस शमनानंतरच्या तीव्रतेने भागले असता येणारी संख्या शमकाच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत वाढते. या रेषेचा चढ जितका जास्त, तितके द्रव्य अधिक संवेदनक्षम समजतात. दीप्तीचा आयुःकालही त्याच प्रमाणात घटला, तर शमन रेणूंच्या टकरींमुळे झाले असे मानतात. तीव्रता घटून आयुःकाल कायम राहिला, तर शमक द्रव्याला आधीच चिकटून बसला होता असा निष्कर्ष निघतो.

संयुग्मित बहुवारिके : या क्षेत्रातील निर्णायक प्रगती अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील टिमथी स्वॅगर व त्यांचे सहकारी यांनी केली. सुट्या दीप्तिमान रेणूंच्या बाबतीत एक शमक रेणू एकाच रेणूचा प्रकाश विझवितो. शमकाचे रेणू मोजकेच असतील, तर हा बदल लक्षातही येत नाही. एकाआड एक एकबंध व बहुबंध असलेल्या लांब बहुवारिक साखळीत मात्र उत्तेजना एका जागी न राहता साखळीभर हिंडते. तिला एक्सायटॉन म्हणतात. एखाद्या चाळीत रात्री फिरणारा गस्तवाला शेकडो खोल्यांपुढून जातो; त्यांपैकी कोणत्याही एका दारात त्याला अडविले, तरी त्याची फेरी तेथेच संपते. त्याचप्रमाणे साखळीवर कोठेही टीएनटीचा एक रेणू बसलेला असला, तरी हिंडणारी उत्तेजना त्याच्यापाशी पोहोचून नष्ट होते व एका रेणूमुळे अनेक घटकांचा प्रकाश बंद पडतो. या प्रवर्धनाचे तत्त्व स्वॅगर यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवून दिले.

तत्त्व सिद्ध झाले, तरी घन पटलात एक अडचण उरली होती. सपाट साखळ्या एकमेकींवर दाटीने रचल्या जातात. त्यामुळे त्यांची स्वतःची दीप्ती क्षीण होते आणि बाष्पाला आत शिरण्यास वाट राहत नाही. १९९८ मध्ये जे. एस. यांग व स्वॅगर यांनी पॉलिफिनिलीन एथिनिलिनाच्या साखळीत पेंटिप्टिसीन हा ताठर, अनेक फलकांचा गट गुंफून ही अडचण दूर केली. या गटांमुळे साखळ्या परस्परांपासून दूर राहतात व मधल्या पोकळ्यांतून टीएनटीचे रेणू आत येतात. अशा सु. अडीच नॅनोमीटर जाडीच्या पटलाची दीप्ती टीएनटीच्या बाष्पात अर्ध्या मिनिटात जवळजवळ निम्मी झाली. पटल जाड केल्यास बाष्प खोलवर पोहोचण्यास वेळ लागतो व प्रतिसाद मंदावतो. म्हणून या कामी पातळपणा हाच गुण ठरतो.

या बहुवारिकावर आधारलेले 'फायडो' हे हाती धरण्याजोगे उपकरण ओक्लाहोमा राज्यातील नोमॅडिक्स या कंपनीने विकसित केले. त्यात बारीक काचनलिकेच्या आतल्या बाजूस बहुवारिकाचा लेप असतो. नलिकेतून हवा ओढली जाते, प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाने लेप उत्तेजित करतात आणि प्रकाशशोधक दीप्तीची नोंद घेतो. काही सेकंदांत दीप्ती घटली, तर इशारा मिळतो व स्वच्छ हवा सोडल्यावर ती पुन्हा पूर्ववत होते. मुळात भूसुरुंगांच्या शोधासाठी तयार केलेले हे उपकरण पुढे इराकमध्ये यंत्रमानवावर बसवूनही वापरण्यात आले. २००५ मध्ये स्वॅगर व व्लादिमिर बुलोविच यांच्या गटांनी बहुवारिकात लेसर क्रिया घडवून आणली. लेसर क्रियेच्या उंबरठ्यापाशी अल्पशा शमनानेही प्रकाश एकदम कोसळत असल्याने संवेदनक्षमता ३० पटींहून अधिक वाढली.

इतर द्रव्ये : (१) सच्छिद्र सिलिकॉन : सिलिकॉन हे एरवी दृश्य प्रकाश न देणारे मूलद्रव्य आहे. विद्युत् रासायनिक क्रियेने त्यात सूक्ष्म छिद्रे पाडली असता ते नेहमीच्या तापमानास तांबडा प्रकाश देते, असे लेइ कॅनहॅम यांनी १९९० मध्ये दाखविले. कॅलिफोर्नियातील मायकेल सेलर व विल्यम ट्रॉग्लर यांनी या दीप्तीचे नायट्रो संयुगांच्या बाष्पाने होणारे शमन अभ्यासले. पुढे त्यांनी सिलिकॉनयुक्त वलये असलेली पॉलिसायलोल ही बहुवारिकेही या कामी उपयोगात आणली.

(२) समूहनाने उजळणारी द्रव्ये : बहुतेक कार्बनी द्रव्यांची दीप्ती रेणू एकत्र गोळा झाल्यावर मंदावते. हाँगकाँग येथील बेन झोंग टांग यांना २००१ मध्ये याच्या उलट वागणारे सायलोल आढळले. विद्रावात त्याच्या रेणूची वलये मोकळेपणी फिरतात व ऊर्जा त्या हालचालीत खर्च होते. रेणू एकत्र आले की हे फिरणे थांबते व प्रकाश निघतो. घन पटलात आणि पाण्यात काम करणारे संवेदक बनविण्यास अशी द्रव्ये सोयीची पडतात.

(३) पुंज बिंदू : काही नॅनोमीटर आकाराचे हे अर्धसंवाहकाचे स्फटिक असून त्यांचा रंग आकारावर अवलंबून असतो. त्यांच्या शोधाबद्दल व संश्लेषणाबद्दल अल्यिक्सेइ येकिमॉव्ह, लुई ब्रस आणि माँगी बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुंज बिंदूंच्या पृष्ठभागावर अमाइन गट जोडले असता टीएनटी त्यांच्याशी गडद रंगाचे संयोजन करते व ते बिंदूची ऊर्जा हिरावून घेते. टीएनटी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाचे तुकडे जोडून केलेले संवेदक २००५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले.

(४) धातु-कार्बनी चौकटी : धातूचे आयन व कार्बनी दुवे यांच्या जोडणीतून तयार होणारे हे जाळीदार स्फटिक होत. त्यांच्या विकासाबद्दल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. छिद्रांचा आकार ठरविता येत असल्याने कोणता रेणू आत येऊ द्यावयाचा, हे काही अंशी निश्चित करता येते. २००९ मध्ये रटगर्झ विद्यापीठातील जिंग ली यांच्या गटाने डीएनटी व डीएमएनबी यांचे बाष्प अशा चौकटीने जलद व व्युत्क्रमी रीतीने ओळखता येते, असे दाखविले. डीएमएनबीमध्ये बेंझीन वलय नसल्याने ते बहुवारिकांना सहसा दाद देत नाही, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे महत्त्व कळते.

(५) जैव संवेदक : जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील शिमशॉन बेल्किन व त्यांचे सहकारी यांनी डीएनटीच्या सान्निध्यात अनुस्फुरक प्रथिन तयार करणारे जीवाणू घडविले. हे जीवाणू अल्जिनेटाच्या मण्यांत कोंडून सुरुंग पुरलेल्या जमिनीवर पसरले व काही तासांनी लेसर किरणाने सु. २० मीटरवरून त्यांची पाहणी केली. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाने सुरुंगक्षेत्रात पाऊल न टाकता सुरुंगाची जागा कळणे, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

पेरॉक्साइड स्फोटके : ट्रायॲसिटोन ट्रायपेरॉक्साइड (टीएटीपी) या स्फोटकात नायट्रो गट नसतो. त्यामुळे वर वर्णिलेले इलेक्ट्रॉन-संक्रमण घडत नाही. डिसेंबर २००१ मध्ये अटलांटिक महासागरावरील विमानात एका प्रवाशाने बुटात दडविलेल्या बाँबमध्ये ते सापडल्यावर या उणिवेकडे लक्ष वेधले गेले. त्याचे बाष्प मात्र विपुल असते. त्याचा शोध घेण्यासाठी प्रथम त्याचे विघटन करून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळवितात. हे पेरॉक्साइड बोरॉनयुक्त निस्तेज संयुगाचे दीप्तिमान फिनॉलात रूपांतर करते. येथे प्रकाश मावळण्याऐवजी उजळतो.

पाण्याचे परीक्षण : टीएनटी व पिक्रिक अम्ल ही विषारी असून कारखान्यांच्या सांडपाण्यातून ती भूजलात उतरतात. पिण्याच्या पाण्यात आयुष्यभराच्या सेवनासाठी टीएनटीचे प्रमाण लिटरमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची सूचना आहे. पिवळा रंग म्हणून कापड उद्योगात वापरले गेलेले पिक्रिक अम्ल पाण्यात विरघळते व म्हणून सहज पसरते. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) सुजित घोष यांच्या गटाने २०१३ मध्ये इतर नायट्रो संयुगांच्या उपस्थितीतही पिक्रिक अम्ल निवडून ओळखणारी कॅडमियमयुक्त दीप्तिमान चौकट प्रसिद्ध केली. चौकटीतील मुक्त अल्कधर्मी स्थाने व अम्लाचा हायड्रॉक्सिल गट यांची परस्परक्रिया या निवडीच्या मुळाशी आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पार्थसारथी मुखर्जी यांनीही या विषयावर संशोधन केले आहे. पुण्यातच असलेल्या उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेला स्फोटक-ओळख संच रंगविक्रियांवर आधारलेला असून तो पोलीस दलांच्या उपयोगी पडतो.

मर्यादा : दीप्ती अनेक कारणांनी मंदावते. सतत प्रकाशात राहिल्याने व ऑक्सिजनामुळे द्रव्य फिके पडते. धूळ व आर्द्रता यांचाही परिणाम होतो. म्हणून केवळ उजेड कमी झाला एवढ्यावरून स्फोटक आहे असे म्हणता येत नाही. सुगंधी द्रव्यांत वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम कस्तुरीच्या काही प्रकारांत नायट्रो गट असलेले बेंझीन वलय असते व त्यामुळे खोटा इशारा मिळू शकतो. समजा, एका विमानतळावर दिवसाला एक लाख पिशव्या तपासल्या व त्यांपैकी शंभरांत एकीबाबत खोटा इशारा मिळाला, तर रोज एक हजार निरपराध प्रवाशांची झडती घ्यावी लागेल आणि हळूहळू तपासनिसांचा इशाऱ्यावरचा विश्वास उडेल. उलट इशारा न मिळणे म्हणजे धोका नसणे, असेही नव्हे. अमोनियम नायट्रेटासारख्या लवणरूप स्फोटकांना ही द्रव्ये सामान्यतः प्रतिसाद देत नाहीत. भूसुरुंग काढणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने एक चुकलेला सुरुंग म्हणजे एक पाय किंवा एक जीव होय. म्हणूनच दीप्तिमान संवेदक हे धातुशोधक, श्वान व आयन-चलनशीलता वर्णपटमापक यांची जागा घेणारे साधन नसून त्यांना जोड देणारे साधन समजले जाते.

संशोधनातील एक उणीवही नमूद करण्यासारखी आहे. अनेक प्रयोगांत शमन विद्रावात व प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त प्रमाण घेऊन मोजले जाते. पिक्रिक अम्ल स्वतः पिवळे असून जंबुपार व निळा प्रकाश शोषते. त्यामुळे दिसून आलेली घट पुष्कळदा खऱ्या शमनाची नसून या शोषणाची असते. त्यासाठी दुरुस्ती करणे व आयुःकाल मोजून पाहणे आवश्यक ठरते. द्रव्याचे खरे मूल्य प्रयोगशाळेतील आलेखावरून नव्हे, तर धुळीने भरलेल्या उन्हाळी हवेत व पावसाळी दमटपणात ते कितपत टिकते, यावरून ठरते.

या अडचणींवर मात करण्यासाठी दोन रंगांच्या दीप्तींचे गुणोत्तर मोजणारी द्रव्ये आणि विविध द्रव्यांच्या ठिपक्यांची मांडणी असलेले संवेदकसंच पुढे आले आहेत. गुणोत्तरामुळे दिव्याच्या तीव्रतेतील चढउताराचा दोष टळतो. ठिपक्यांच्या संचात एकही द्रव्य पूर्णपणे निवडक नसले, तरी सर्वांच्या प्रतिसादांचा मिळून होणारा आकृतिबंध प्रत्येक पदार्थासाठी निराळा असतो. नाकातील अनेक ग्राहींच्या एकत्रित संकेतावरून मेंदू वास ओळखतो, त्याच तत्त्वावर हे संच काम करतात. [⟶ दीप्ति, बहुवारिके, स्फोटक द्रव्ये].